नको म्हणणाऱ्यांची गोष्ट : छोट्या कोडचा मोठा इतिहास



उरमोडी, जिहे-कठापूर, टँकर, छावण्या यांवर मी इतकं लिहिलंय की आज विषय बदलला तर तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. आजचा विषय संगणकाचा आहे. पण पोस्ट सोडून पुढं जाऊ नका, कारण याचा संबंध तुमच्या मोबाईलवर गोल गोल फिरणाऱ्या त्या चक्राशी आहे. गावाबाहेर माळावर उभं राहून आपण फोन वर धरतो, चक्र फिरतं, पान काही उघडत नाही. आपण रेंजला शिव्या देतो. रेंजचा दोष असतोच, पण सगळा तिचा नसतो. पान किती जड आहे हेही बघावं लागतं.

साधा हिशोब सांगतो. वेबपानांचं वजन मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या 2024 च्या आकड्यांत, मोबाईलवरच्या मधल्या वजनाच्या पानाचं ओझं सव्वादोन एमबीच्या पुढं गेलेलं दिसतं. त्यातलं पाचशे केबीहून जास्त नुसतं जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारा कोड. आता डोंगराच्या आडोशाला सेकंदाला चारशे किलोबिट एवढाच वेग मिळत असेल, तर 2.3 एमबीचं पान उतरायला 46 सेकंद लागतात. पाऊण मिनिट! आणि बातमी केवढी असते? सहाशे शब्दांची मराठी बातमी म्हणजे चारेक हजार अक्षरं-चिन्हं. संगणकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. तरी सगळी मिळून बारा केबीच्या आसपास. भाकरी तळहाताएवढी आणि ती आणायला ट्रक, असा प्रकार आहे.

हे ओझं वाढू नये म्हणून झटलेली माणसंही होऊन गेली, आजही आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी फुकट काम केलं. त्यांचं मुख्य काम होतं ‘नको’ म्हणण्याचं. त्यांच्याबद्दल मराठीत फार कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी एक शब्द समजून घेऊ. प्रोग्रामर मंडळी ‘लायब्ररी’ म्हणतात तेव्हा ते वाचनालय नसतं. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, दुसऱ्याला आयता वापरता येणारा कोड म्हणजे लायब्ररी. ‘ओपन सोर्स’ म्हणजे तो कोड सगळ्यांना उघडा, वाचा, बदला, वापरा. आपल्याकडं मेंढरं घेऊन बाहेर पडणारं धनगराचं बिऱ्हाड बघा. घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढाच संसार. एखादं भांडं चांगलं आहे म्हणून कुणी घेत नाही, ते रोज लागणार आहे का आणि घोडं ते ओढणार आहे का, हे बघून घेतात. लायब्ररी लिहिणाऱ्याचंही तसंच असतं. फरक एवढाच की घोडं त्याचं नसतं, ते वाचकाचं असतं. म्हणूनच लादायला हात सैल सुटतो.

आता आपल्या भाषेकडं येतो.

मी वार्ताहर म्हणून सुरुवात केली तेव्हा प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट वेगळा होता. एका कार्यालयात टाइप केलेली बातमी दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी. कारण त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट काढला की मराठी गायब. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी आपल्याच देशात तयार झालेल्या इस्की या मानकावरून, त्याच्या 1988 च्या रूपावरून घेतली आहे. ‘क’चा क्रमांक 2325. दहिवडीत टाइप करा नाहीतर दुबईत, तो 2325 च.

अक्षरं दिसायला लागली, पण टाइप कशी करायची? नेट कॅफेतल्या संगणकावर मराठी कळफलक कुठून असणार? मग मराठी संकेतस्थळांनी टंकलेखनाची सोय पानातच बसवायला सुरुवात केली. 2004 साली सुरू झालेल्या ‘मनोगत’वर लोक थेट पानावरच्या चौकटीत देवनागरीत लिहू लागले. ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ पुढं अनेक मराठी संकेतस्थळांनी आपल्या पानांत बसवलं. परदेशात बसलेला मराठी माणूस रोमन कळांवर बोटं चालवायचा आणि समोर मराठी उमटायची. आज प्रत्येक फोनमध्ये मराठी कळफलक असतो, त्यामुळं तेव्हाची नवलाई नव्या पोरांना सांगूनही पटत नाही.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथंही अडचण तीच होती. 2011 च्या सुमारास भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर ‘नारायम’ नावाची सोय आली. नारायम हा मल्याळम शब्द, ताडपत्रावर अक्षरं कोरायची लोखंडी लेखणी. नाव झकास आहे. पण ही लेखणी विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरला घट्ट बांधलेली होती. दुसऱ्या कुणाला आपल्या संकेतस्थळावर वापरायची म्हटली, तर सगळा गाडा घ्यायला हवा.

2012 साली विकिमीडिया फाउंडेशनच्या भाषा-तंत्रज्ञान गटानं काय केलं, ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. या गटात केरळचे संतोष तोट्टिंगल यांच्यासारखे भारतीय भाषांचे जाणकार होते. त्यांनी ‘मिल्कशेक’ नावाच्या प्रकल्पात ती सगळी यंत्रणा सोडवली आणि वेगवेगळ्या सुट्ट्या लायब्ररी केल्या. टाइप करायला एक, भाषा निवडायला एक, फॉन्ट आणायला एक, भाषांतरित मजकूर दाखवायला एक. ज्याला जे लागेल त्यानं तेवढंच घ्यावं.

टाइप करायची जी लायब्ररी, तिचं नाव जेक्वेरी आयएमई. तिची रचना बघण्यासारखी आहे. मधलं इंजिन लहान, त्याला कुठलीच भाषा येत नाही. त्याला एवढंच कळतं की शेवटची काही अक्षरं बघायची, ती एखाद्या नियमात बसतात का तपासायचं आणि बसली तर बदलायची. भाषा सगळी नियमांच्या फायलीत, आणि प्रत्येक पद्धतीची फाइल वेगळी. मराठी लिप्यंतराची एक, इन्स्क्रिप्टची दुसरी. तुम्ही मराठी निवडली की मराठीचीच फाइल उतरते. तमिळ, बंगाली, अम्हारिकचे नियम तिकडंच राहतात.

नियम कसा चालतो? रोमन ‘के’ दाबलं की ‘क्’ उमटतो, पाय मोडलेला. पुढं ‘ए’ दाबला की मोडलेला पाय जुळून ‘क’ होतो. आणखी एक ‘ए’ आला की काना लागून ‘का’. बाराखडी शिकवणाऱ्या बाईंना हे एका वाचनात कळेल. आणि मुद्दा तोच आहे. नवीन भाषा जोडायला प्रोग्रामिंगची पदवी लागत नाही, आपली लिपी नीट माहीत असलेला माणूस नियमांची फाइल लिहू शकतो. मधलं इंजिन लहान राहिलं म्हणून बाहेरच्यांना आत यायला वाट राहिली. भाषांची संख्या वाढत गेली तरी वाचकाच्या फोनवरचं ओझं वाढलं नाही.

या लायब्ररीच्या नावातच ‘जेक्वेरी’ आहे, आणि ती या घराण्याची थोरली. तिचा इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा.

जावास्क्रिप्ट ही भाषा 1995 साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. नंतर नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या भांडणात प्रत्येक ब्राउझरची बोली वेगळी झाली. एकच काम दोन-तीन तऱ्हांनी लिहायचं, हा प्रोग्रामरच्या डोक्याला ताप. त्यावर 2005 साली ‘प्रोटोटाइप’ ही लायब्ररी आली. तिनं केलं काय, तर भाषेच्या मूळ वस्तूंनाच नवीन गुण चिकटवले. सोयीचं होतं. पण घरमालकाला न विचारता भिंतीत खिळे ठोकण्यासारखंही होतं.

त्याची किंमत किती वर्षांनी मोजावी लागली बघा. ‘मूटूल्स’ नावाच्या त्याच पठडीतल्या लायब्ररीनं भाषेच्या यादी या प्रकाराला ‘फ्लॅटन’ नावाचा गुण जोडला होता. पुढं 2018 साली जावास्क्रिप्टचं मानक ठरवणाऱ्या समितीला तोच गुण, त्याच नावानं, अधिकृतपणे आणायचा होता. चाचणीत लक्षात आलं की तसं केलं तर मूटूल्सवर उभी असलेली जुनी पानं मोडतात. बराच वाद झाला. कुणीतरी थट्टेनं ‘स्मूश’ हे नाव सुचवलं, त्यावरूनही रणं माजली. शेवटी अधिकृत नाव ‘फ्लॅट’ ठेवून मिटवलं. दहाएक वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं टाकलेल्या एका शब्दानं अख्ख्या भाषेला वाट वाकडी करायला लावली.

जेक्वेरी वेगळी वागली. जानेवारी 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जॉन रेसिग या एकविशीतल्या पोरानं ती मांडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची 1.0 आवृत्ती आली. तिनं मूळ भाषेच्या वस्तूंना हात लावला नाही. स्वतःचं सगळं एका डबीत ठेवलं आणि हाक मारायला डॉलरचं एक चिन्ह घेतलं. तेही दुसऱ्या लायब्ररीला हवं असेल तर परत द्यायची सोय ठेवली. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक मागायला लागले: तारखेची दिनदर्शिका द्या, सरकणाऱ्या पट्ट्या द्या, फोटोंची माळ द्या. जेक्वेरीचं उत्तर असं की हे सगळं प्लगइन म्हणून बाहेर करा, मी फक्त खुंटी देतो. 2007 साली दिसण्या-वागण्याचे घटक जेक्वेरी यूआय या वेगळ्या प्रकल्पात गेले. ओसरीवर कितीही माणसं बसू देत, माजघरात गर्दी नको. 2008 साली मायक्रोसॉफ्ट आणि नोकियासारख्या कंपन्यांनी जेक्वेरी स्वीकारल्याचं जाहीर झालं. एवढी बडी मंडळी दारात आली की यजमानाचं घर वाढतं, पण इथं ते फार वाढू दिलं नाही.

अर्थात वाढ झालीच. कुठली चीज वाढत नाही? पण मग काढायची कशी, याची एक रीत त्यांनी बसवली. तीही शिकण्यासारखी आहे. उदाहरणार्थ ‘लाइव्ह’ नावाचा एक गुण होता, लोकप्रिय पण सदोष. 2011 मध्ये 1.7 आवृत्तीत सांगितलं की हा जुना झाला, नवा मार्ग धरा. जानेवारी 2013 मध्ये 1.9 आवृत्तीतून तो काढून टाकला. आणि ज्यांचं त्यावाचून अडत होतं त्यांच्यासाठी ‘मायग्रेट’ नावाचं वेगळं प्लगइन दिलं. ते जुनं काम चालू ठेवायचं आणि त्याची सुधारायला मदत होणारी आवृत्ती कुठं काय बदलायचं हेही सांगायची. म्हणजे आधी दवंडी, मग मुदत, मग काढणं, आणि अडलेल्यासाठी सोय. अतिक्रमण हटवताना आपल्याकडं यातलं किती पाळलं जातं, हा विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 2.0 आली. तिनं इंटरनेट एक्सप्लोररच्या 6, 7, 8 या जुन्या आवृत्त्यांचं ओझं उतरवलं. पण ज्यांना ते ब्राउझर अजून सांभाळायचे होते त्यांच्यासाठी 1 ची शाखा सोबत चालू ठेवली. 2016 मध्ये 3.0 सोबत ‘स्लिम’ नावाची आणखी सडपातळ आवृत्ती दिली. आज दाबून बारीक केलेली पूर्ण जेक्वेरी तीसेक केबीची भरते. वर सांगितलेल्या त्याच माळावर, त्याच रेंजमध्ये, पाऊण सेकंदाच्या आत उतरते.

इकडं महाराष्ट्रातही असा एक नमुना आहे. मुंबईत विद्याविहारला कचेरी असलेली फ्रॅपे ही कंपनी, संस्थापक रुशभ मेहता. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब-साठा सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. ते स्वतः काही लहान नाही, मोठा पसारा आहे तो. पण त्यांना विक्रीचा साधा आलेख दाखवायचा होता. अहवालांसाठी जी लायब्ररी ते वापरत होते ती त्यांच्या मांडणीला जुळेना. बाकीच्या तयार लायब्ररी एकतर किचकट, नाहीतर ताठर. मग त्यांच्याच चमूनं 2017 मध्ये फ्रॅपे चार्ट्स नावाची आपली लायब्ररी केली आणि सगळ्यांना मोकळी दिली. तिची ओळखच अशी आहे की ती दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नाही. मोठं दुकान चालवणाऱ्यानं तराजू मात्र साधा ठेवावा, तसं.

‘दुसऱ्यावर अवलंबून नाही’ याला एवढं महत्त्व का, ते 22 मार्च 2016 ला साऱ्या जगानं पाहिलं. ‘लेफ्टपॅड’ नावाची अकरा ओळींची एक लायब्ररी होती. मजकुराच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबीपर्यंत मोकळी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच काम. एका नावाच्या वादात तिच्या लेखकानं वैतागून आपल्या सगळ्या, दोनशे सत्तरहून जास्त, लायब्ररी सामायिक भांडारातून काढून घेतल्या. आणि जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची कामं अडली. त्यांनी लेफ्टपॅड थेट घेतली नव्हती. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीनं घेतलेल्या लायब्ररीनं ती घेतली होती. काही तासांत ती परत आणली गेली. पुढच्याच वर्षीच्या मानकात ते काम जावास्क्रिप्ट भाषेतच आलं.

म्हणजे नुसतं लहान असूनही भागत नाही. लहान वस्तू हजार गोळा केल्या तरी ओझं होतंच, शिवाय त्यांच्या मालकांची नावंही आपल्याला माहीत नसतात. लहानपणाच्या नावाखाली गल्लाभर सुट्टे पैसे गोळा करणारेही मी पाहिलेत.

आणि ‘हो’ म्हणण्याचा धोका? त्याचं उदाहरण आहे लॉगफोरजे. सर्व्हरवर नोंदी लिहून ठेवणारी ही जावा भाषेतली लायब्ररी, स्वयंसेवकांनी सांभाळलेली. 2013 साली कुणाच्या तरी मागणीवरून तिच्यात एक सोय घातली: नोंद लिहिताना बाहेरच्या ठिकाणाहून माहिती शोधून आणायची. फार थोड्यांना लागणारी गोष्ट. ती आठ वर्षं तशीच पडून राहिली, कारण जुन्या वापरणाऱ्यांचं काही मोडू नये. डिसेंबर 2021 मध्ये उघड झालं की त्याच दारानं कुणीही परका आत शिरून सर्व्हरचा ताबा घेऊ शकतो. धोक्याच्या मापावर पूर्ण दहा गुण. जगभरच्या कंपन्या आणि सरकारी यंत्रणा रात्री जागल्या. आणि शिव्या कुणाला? दिवसा नोकरी करून रात्री हा कोड फुकट सांभाळणाऱ्या मूठभर लोकांना.

माझं मत विचाराल तर ही माणसं आपल्या गावच्या यात्रा कमिटीसारखी आहेत. वर्गणी देताना मागं आणि मागण्या करताना पुढं, अशी आपली रीत. लायब्ररी सांभाळणारा ‘नको’ म्हणतो तेव्हा लोकांना तो आडमुठा वाटतो. पण एक नवी सोय म्हणजे पुढची दहा वर्षं तिची दुरुस्ती, तिच्या तक्रारी, तिची कागदपत्रं. मागणारा निघून जातो, ती सांभाळायची याला.

आता हे सगळं माणमध्ये कशाला सांगतोय? कारण आपल्या तालुक्यात शाळा, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायती आता आपापली संकेतस्थळं करून घेतायत. चांगली गोष्ट आहे. ई-पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्याच्या फोनवर आली, सातबारा ऑनलाइन झाला, सगळं तिकडंच चाललंय. केंद्र सरकारचं 2015 चं धोरणही सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्यावी असं सांगतं. पण करून देणारा कोटेशन घेऊन येतो तेव्हा आपण विचारतो काय? ‘फोटो हलतील ना? वर बातम्यांची पट्टी फिरेल ना? सरपंचांचा फोटो मोठा येईल ना?’ पान किती केबीचं होईल, हे विचारलेलं मी तरी अजून एकाही बैठकीत ऐकलेलं नाही.

आमच्याकडचा एक पोरगा पुण्यात हेच काम करतो. दिवाळीला आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, “का रं, तुम्ही हलकं का बनवत नाही?” तो म्हणाला, “दादा, हलकं बनवलं तर लोकं म्हणत्यात, एवढ्याचं एवढं पैसं कशाला? भरल्यालं दिसाय पायजे.” मला हसू आलं, पण बोलणं खरं होतं. आपणच ताटाच्या उंचीवर जेवणाची किंमत करतो. त्यानंच मला सांगितलं की ब्राउझरमध्येच पानाचं वजन बघायची सोय असते. संगणकावर एफ-12 दाबायचं, नेटवर्क हा भाग उघडायचा, पान पुन्हा लोड करायचं. खाली एकूण आकडा येतो. मी तालुक्यातली काही पानं तशी बघितली. काहींमध्ये एका फिरत्या पट्टीसाठी दोन वेगवेगळ्या लायब्ररी होत्या आणि दोन्ही पट्टी फिरवतच नव्हत्या. नावं सांगत नाही, ज्यांची त्यांनी तपासावीत.

ज्यांच्या संस्थेचं काम सध्या चालू आहे, त्यांनी करारात चार ओळी जरूर घालाव्यात. मुख्य पान पाचशे केबीच्या आत असावं. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि ती कशासाठी घेतली हे लेखी मिळावं. कोड संस्थेच्या ताब्यात असावा, करून देणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, चित्र करून चिकटवलेला नको. नमुना हवा असेल तर मला मेसेज करा, त्या पोराकडून नीट लिहून घेऊन पाठवतो.

आणि हो, जेक्वेरीचं अजून संपलेलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तिच्या चौथ्या पिढीची बीटा आवृत्ती आली. त्यात ट्रिम, इझअरे असले कितीतरी जुने गुण काढून टाकलेत, कारण ती कामं आता जावास्क्रिप्ट भाषा स्वतःच करते. ज्यांना अजून जुनंच हवंय त्यांच्यासाठी 2006 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच्या सगळ्या फायली त्यांनी उतरवून घ्यायला ठेवलेल्या आहेत.